वास नसलेलं पाणी

४ मार्च, मंगळवार

माझ्या चहावर आज घोर अन्याय झाला आहे. न्याय कुणाकडं मागावा हे कळत नसल्यानं तक्रार या पानाकडं दाखल करतो.

सकाळी सहाचा चहा हे माझं निष्ठेनं पाळलेलं एकमेव व्रत. संध्या सुटली, शेंडी गेली, पाठशाळेत घोकलेली अर्धी सूत्रं बातमीदारीत वाहून गेली. चहा सुटला नाही. आज पहिला घोट घेतला आणि वाटलं, यात कुणीतरी स्कूटर विसळली आहे! रत्नमालेला म्हटलं. ती म्हणाली, "दिवसभर लोकांच्या बातम्या चघळता, तोंडाला दुसरी कसली चव राहणार?" तरी तिनं पत्ती बदलली. दूध बदललं. पातेलं बदललं. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "आता एकच वस्तू बदलायची राहिली."

उरलं पाणी. नळाला आठवड्यातून एकदा येतं, बाकी सगळा संसार बोअरवर. पण बोअरच्या पाण्याला कसा वास येईल? नाक म्हातारं झालं असेल.

प्रेरणा आतून हसत होती. लेक दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि अडकली. पहिलंच आहे, सहावा महिना. मध्ये थोडं लाल दिसलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या — गर्भाची वार खाली आहे, प्रवास नको, जिना नको, पडून राहा. जावई इंद्रजीत बिडकीनला कारखान्यात पाळ्या करतो. रविवारी येतो आणि घरात मांजरासारखा पाय न वाजवता फिरतो. मी आजोबा होणार, या कल्पनेनं मला हसू येतं.

६ मार्च, गुरुवार

नाक म्हातारं नाही. नाक शाबूत आहे — दुर्दैवानं!

शेजारचा कडुबा भिंतीवरून डोकावला. एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाला, पण बोलणं अजून चालू इंजिनावरून ऐकू जाईल असं. "पंडितजी, तुमच्या बोअरला बी वास येऊ राह्यला का?" तो मला पंडितजी म्हणतो, मी त्याला महाराज म्हणतो. दोघांनाही पदवी शोभत नाही.

त्याच्या बादलीत पाण्यावर तवंग. निळा, जांभळा, सोनेरी. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. "रॉकेल हाय," कडुबा म्हणाला. "कुण्या ब्लॅकवाल्यानं पुरलं असंल जमिनीत." मी म्हटलं, महाराज, पुरायला आता रॉकेल मिळतं कुठं? मग आम्ही दोन पिकल्या केसांच्या माणसांनी एक मूर्खपणा केला. काठीला चिंधी बांधली, तवंगावरून फिरवली, मोकळ्या प्लॉटवर नेली आणि काडी लावली.

पाण्यात भिजलेली चिंधी. भक्कन पेटली!

कडुबानं काठी मातीत खुपसली, पायानं माती लोटली. मग हळू म्हणाला, "ह्याच पाण्यावर माझ्या घरात सैपाक होऊ राह्यला."

घरी आलो तर प्रेरणा नुकतीच न्हाऊन केस पुसत बसली होती.

८ मार्च, शनिवार

गल्लीच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे. तिथंच मी स्कूटरमध्ये हवा भरतो. त्या काँक्रीटखाली टाक्या आहेत हे कुणालाही माहीत असतं. टाक्यांच्या खाली काय आहे, हा प्रश्न मला आजवर पडला नाही. मी म्हणे प्रश्न विचारून पोट भरतो!

सकाळी तीन कार्यालयांना फोन केले. पहिल्यानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, तिसऱ्यानं पहिल्याचा. आमच्या पाठशाळेत याला चक्रक दोष म्हणत. तिथं निदान फोन कट होत नसे.

संपादकांना सांगितलं. "काही पेटलं का?"

"चिंधी."

"मग थोडं थांबा."

त्यांचा राग नाही आला. मीही तालुक्याच्या वार्ताहरांना इतकी वर्षं हेच सांगत आलो.

संध्याकाळी पंपाचा मालक अभय स्वतः आला. वडिलांच्या माघारी तोच पंप बघतो, चाळिशीचाही नाही. मी भांडायच्या तयारीनं बसलो होतो, चार कडक शब्द जुळवूनही ठेवले होते. तो चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. "काका, टाक्या माझ्या आहेत. गळत असंल तर माझंच गळतंय. विक्री बंद केली. कंपनीला कळवलंय." मग — "माझी आई बी हेच पाणी पिते ना."

इतका घाबरलेला माणूस! त्याच्यावर ओरडायलाही धीर होईना. रत्नमाला सवयीनं म्हणाली, चहा टाकते. आणि ओठ चावून तिथंच थांबली.

१० मार्च, सोमवार

तेल कंपनीनं नेमलेल्या भूगर्भशास्त्रज्ञ आल्या. सरिता मॅडम. सिल्लोडच्या आहेत, त्यामुळं शास्त्र इंग्रजी असलं तरी भाषा आपली. जाड बूट, गळ्यात अडकवलेलं पिवळं यंत्र. गल्लीतली मुलं मागं, मुलांच्या मागं कडुबा.

विचारलं, गळालेलं पेट्रोल गेलं कुठं?

"ते माहीत असतं तर मी कशाला आले असते, काका? खाली काळा खडक आहे. वरून एकसंध दिसतो, आतून तडेच तडे. पेट्रोल तड्यातून उतरतं, पाण्याला लागतं, पाण्यावर तरंगतं, पाणी जाईल तिकडं जातं. एका घरात शिरतं, शेजारचं सोडतं. त्याला कुणी नियम घालून दिला नाही."

मग पोर्चमधल्या हौदाचं झाकण उघडायला सांगितलं. यंत्राची नळी आत सोडली.

यंत्र किंचाळलं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

"मोटरचं बटण कुठंय?" हातभर अंतरावर. "रोज दाबता?" रोज. मॅडमनी बटणाच्या ठिणगीची गोष्ट अगदी शांतपणे सांगितली, जशी एखादी पाककृती सांगावी. बंद हौदात पेट्रोलची वाफ, वर बारीकशी ठिणगी. बस्स.

त्या झाकणावर रोज संध्याकाळी खुर्ची टाकून प्रेरणा बसते. तिथं वारा लागतो. ती खुर्ची तिथं मीच ठेवली!

वायरमन लाइन तोडून गेला. हौद उघडा, भोवती दोरी. घरात उदबत्ती नाही, समई नाही, मच्छरांची कॉइल नाही. देवांना म्हटलं, काही दिवस अंधारात काढा, आमच्याकडं इलाज नाही.

जाताना मॅडम म्हणाल्या, "वास येणारं पाणी पिऊ नका, वापरूही नका." आणि ड्रिलिंगचं मशीन मिळवायला पुण्याला गेल्या.

११ मार्च, मंगळवार

कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो.

१३ मार्च, गुरुवार — होळी

गल्लीत होळी पेटली नाही.

पोरांनी गोवऱ्या, एरंड, सगळं रचून ठेवलं होतं. कडुबानं चक्क हात जोडले. "बाबांनो, पाया पडतो, काडी लावू नका." पोरं न पेटलेल्या होळीभोवती फिरली आणि बोंब तेवढी मारली. बोंब इतकी खरी कधी वाटली नव्हती.

पाण्याचे हाल. नळाचं पाणीही त्याच हौदात पडायचं. बाटल्यांची खोकी आणून ठेवली आहेत, पण प्रेरणाला त्या पाण्यानं मळमळतं. म्हणते, प्लास्टिक चावल्यासारखं लागतं. जारवाल्याला विचारलं, भरतोस कुठून? त्यानं आमच्या मागच्याच गल्लीकडं बोट केलं. टँकर आला, त्याच्या पाण्याला गंज. पोटुशी बाई पाण्याचा घोट घ्यायला घाबरते, आणि मी तिच्यासमोर बसून दुष्काळावरचा अग्रलेख तपासतो आहे. वा रे लेखणी!

आणि मग सुचलं — वच्छलाबाईंची विहीर!

ही सगळी वसाहत म्हणजे पूर्वी वच्छलाबाईंच्या सासरचं शेत. प्लॉट पडले, विकले गेले. म्हातारीनं गल्लीच्या टोकाचं आपलं घर आणि परसातली दगडी विहीर तेवढी राखली. लिंबाखाली, पत्र्यानं झाकलेली. आमच्या अर्ध्या गल्लीला ती आहे हेही माहीत नाही. मी गेलो तर म्हातारी उन्हात बसून सुपारी कातरत होती.

"आत्याबाई, विहिरीला वास येतो का?"

"तिला काय धाड भरली? म्या तिचंच पिते. तुमी बोरं पाडली, जमिनीला भोकं पाडली, आता नाकं धरून हिंडा."

बादली काढली. मी हुंगलं. रत्नमालेनं हुंगलं. कडुबानं तर नाक बुडवलं. काही नाही! तवंग नाही, वास नाही. पाण्याला पाण्याचा वास. मॅडमनी वासाचं पाणी वर्ज्य सांगितलं आहे. याला वास नाही. सबब, पेय. आठवडाभरानं जरा नीट जेवलो.

१५ मार्च, शनिवार

उपसा चालू आहे!

वच्छलाबाईंनी ठणकावून सांगितलं, "म्हातारीनं प्यायलं तर प्यायलं. पण पोटुशीला असं निजलेलं पाणी देतेत व्हय? समदी उपसा. गाळ काढा. झरे मोकळे करा. मंग नारळ." तिच्या सासूच्या काळी दर उन्हाळ्यात विहीर उपसत. त्याशिवाय घरातल्या बाळंतिणीला ते पाणी देत नसत.

काल धुळवडीपासूनच गल्ली कामाला लागली. एक मोटर कडुबाची. दुसरी इंद्रजीतनं बिडकीनहून आणली. बायकोसाठी काहीतरी करायला मिळालं म्हणून पोराचा चेहरा असा फुलला होता! पाणी मोकळ्या प्लॉटवर सोडलंय, मुलं त्यात लोळताहेत. इतक्या दिवसांनी गल्लीत कुणीतरी मोठ्यानं हसलं.

गंमत म्हणजे विहीर रिती होईना. उपसावं तेवढं येतंय. बारीक बारीक झरे सुटले, दगडांमधून पाणी नुसतं पाझरतंय. कडुबा काठावर उभा राहून ओरडला, "आरं, येतंय कुठून एवढं?" वच्छलाबाई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याची पुन्याई." कडुबानं मोटर आणखी जोरात लावली.

१७ मार्च, सोमवार

तळ लागला. गाळ निघाला. एक तांब्या, दोन वाट्या आणि कुणाची तरी कवळी निघाली. कवळीवर हक्क सांगायला कुणी पुढं आलं नाही.

हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मला मंत्र म्हणायचा आग्रह झाला. कडुबा म्हणाला, "पंडितजी, तुमचा मंत्र अन् माझी मोटर. बघू भारी कोन." पाण्याला आई म्हणणारी ऋचा म्हटली. अर्थही सांगितला. कितीतरी वर्षांनी संस्कृत कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं. बायकांनी हात जोडले. माझाही आवाज जरा लागला होता, असं मीच म्हणतो.

१८ मार्च, मंगळवार

पाणी निवळलं. पहिली कळशी मी स्वतः ओढली, खांद्यावरून आणली. पाठ म्हणाली, वय बघा. पाठीला गप्प केलं.

प्रेरणाला पेला भरून दिला. तिनं तो थोडा वेळ हातात धरला, माझ्याकडं बघितलं, आणि सगळा प्यायली.

"कसंय?"

"छान आहे, बाबा."

आता रोज दोन कळश्या. हे काम दुसऱ्या कुणाला देणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पंपावर खोदकाम चालू आहे. सगळीकडं वाळूच्या बादल्या, लाल सिलिंडर, पिवळी फीत. फितीच्या आत मोबाइलसुद्धा नेऊ देत नाहीत. कडुबाची बिडी मॅडमनी आपल्या हातानं काढून घेतली. तो अपमान त्यानं गल्लीभर सांगितला, थोड्या अभिमानानं.

टाक्या शाबूत निघाल्या. गळत होता तो टाकीपासून मशीनकडं जाणाऱ्या पाइपचा जोड, जमिनीखाली. थेंब थेंब. किती महिने, कुणास ठाऊक. अभय त्या जोडाकडं असा बघत होता, जसा एखादा माणूस आपल्याच हाताकडं बघतो.

मॅडमनी आजूबाजूला बोअर घेतले आहेत. पंपाजवळच्या बोअरात पाण्यावर नुसतं पेट्रोल तरंगतंय. बारीक पंपानं वरच्या वर ओढून पिंपात भरतात. भिजलेली माती ताडपत्रीखाली ढीग करून ठेवली आहे, तीही उचलून नेतील. मी म्हटलं, चला, निघतंय एकदाचं. मॅडम म्हणाल्या, "हे दिसतंय ते. खडकात शिरलेलं काढायला काही वर्षं जातात, काका. आणि सगळं कधीच निघत नाही."

संपादकांचा फोन आला. आता बातमी हवी आहे त्यांना, फोटोसह. दिली. माझ्याच गल्लीबद्दल "परिसरातील नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण" असं लिहिलं. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं असेल. आज पहिल्यांदा ते वातावरण माझ्या छातीत होतं.

बाळ पाय मारतं म्हणे. रत्नमालेनं माझा हात धरून प्रेरणाच्या पोटावर ठेवला. खरंच मारतं!

२४ मार्च, सोमवार

सावकाश लिहितो.

सरिता मॅडम दुपारी दमून घरी आल्या. रत्नमालेनं कळशीतलं पाणी दिलं. त्या पेला ओठाशी नेता नेता थांबल्या. धंद्याची सवय असेल. "काकू, हे कुठलं पाणी?"

मीच पुढं झालो. "वच्छलाबाईंच्या विहिरीचं. वास घेऊन बघा, काही नाही!"

त्यांनी वास घेतला नाही. पेला खाली ठेवला. "इथं विहीर आहे? मला कुणी बोललं नाही."

खरंच, कुणी बोललं नव्हतं. त्यांनी बोअर विचारले, आम्ही बोअर दाखवले. विहिरीचं कुणाच्या मनातच आलं नाही. ती चांगली होती ना!

मग उपशाची हकीकत सांगितली. चांगली रंगवून सांगितली — कवळी, नारळ, ऋचा. मला वाटलं, हसतील. त्या टेबलावर सांडलेल्या पाण्याकडं बघत होत्या.

"मोटरी किती वेळ चालवल्या?"

"तळ दिसेपर्यंत. फार पाणी येत होतं. झरे मोकळे झाले."

त्यांनी त्या सांडलेल्या पाण्यात बोटानं एक खड्डा दाखवला, त्याच्याकडं चहूकडून रेषा ओढल्या. "विहीर जोरात उपसली की भोवतालच्या खडकातलं पाणी तिच्याकडं उतरायला लागतं. सगळ्या बाजूंनी. पंपाच्या बाजूनंसुद्धा. आणि आता सगळी गल्ली रोज तिच्यातूनच काढतेय."

"पण वास नाही ना!"

"पेट्रोल म्हणजे एक वस्तू नाही, काका. वरात आहे. तिच्यात बेंझीन असतं. ते पाण्यात विरघळतं आणि वरातीच्या पुढं पळतं. वास यायच्या कितीतरी आधी ते पाण्यात असू शकतं. आणि पोटात थोडंसुद्धा नको असतं."

रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती ऐकलं, माहीत नाही.

मॅडमनी विहिरीचं पाणी काचेच्या कुप्यांत घेतलं, एकही बुडबुडा राहू न देता. बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडं रवाना केलं. म्हणाल्या, "कदाचित काही नसेलही. अहवाल येईपर्यंत बाटलीचंच पाणी. आणि ताईंना डॉक्टरांना दाखवून ठेवा." हे बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

धूर आहे म्हणून अग्नी आहे — हे अनुमान बरोबर. धूर नाही म्हणून अग्नीही नाही — हे चूक. तर्कशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी त्या परीक्षेत पहिला आलो होतो.

२५ मार्च, मंगळवार

प्रेरणाला सांगितलं, विहिरीचा दोर तुटलाय, काही दिवस बाटलीचं पी. "बरं," म्हणाली. एक प्रश्न नाही. गुणाची पोर.

२७ मार्च, गुरुवार

विहिरीला कुलूप लावलं. वच्छलाबाई काठावर बसून राहिल्या, उठेनात.

"माझ्या हिरीला नावं ठेवता व्हय? सून म्हनून आले तवापून पिते. चार लेकरं झाली ह्या पान्यावर."

"आत्याबाई, विहिरीचा दोष नाही. आम्ही फार उपसली."

"मंग म्याच म्हनले ना उपसा! आता मला सांगा, पोरीला काय झालं का? सांगा की!"

म्हातारी सुपारी न खाता नुसताच अडकित्ता उघडझाप करत होती. कडुबानं तिला हाताला धरून घरात नेलं. मोटर त्याची होती. तीन दिवस भिंतीवरून "पंडितजी" अशी हाक आलेली नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सगळ्या ठिकाणी बेंझीनविषयी वाचतो. रक्त. हाडांतला मगज. कमी वजनाची बाळं. एका ठिकाणी लिहिलंय, थोड्या काळानं काही होत नाही. दुसऱ्या ठिकाणी, सांगता येत नाही. मी पहिलं ठिकाण पुन्हा पुन्हा उघडतो.

३० मार्च, रविवार — पाडवा

गुढी उभारली. रत्नमालेनं कडुलिंब वाटला, वाटताना एकदम म्हणाली, "दोर तुटला नाही ना?"

नाही म्हटलं.

"मला तवाच कळलं होतं. तिला सांगू नका. टेन्शन घेतलं तर पुन्हा लाल दिसंल."

इंद्रजीत आला होता. त्यालाही सांगितलं नाही. त्यानं मोटर परत न्यायची का विचारलं. मी म्हटलं, राहू दे अजून. तो प्रेरणाच्या उशाशी बसून बाळासाठी नावं काढत होता. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही संस्कृतातलं एखादं सुचवा." सगळे शब्द विसरलो. एकही नाव आठवेना!

२ एप्रिल, बुधवार

मॅडमचा फोन नाही. मी तीनदा केला, तीनदा काही न बोलता ठेवून दिला.

३ एप्रिल, गुरुवार

फोन आला.

"काका, आहे." मग — "मर्यादेच्या बरंच वर आहे. तुमच्या बोअरच्या निम्म्याहून जास्त."

मी विचारलं, उपसण्याआधीही असेल का? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही, तेव्हाचं पाणी कुणी तपासलं नाही. हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. त्यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे.

दुपारी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं, रक्त घ्यायच्या निमित्तानं. त्यांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. म्हणाल्या, "ठोके नीट आहेत, वाढ नीट आहे. थोडेच दिवस प्यायल्या. आपण लक्ष ठेवू. यापुढचं आज कुणीच सांगू शकणार नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण त्यांना सांगा. अंग त्यांचं आहे."

रत्नमाला नको म्हणते. उद्या सांगणार.

४ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. खाटेच्या कडेला बसलो, तिच्याकडं न बघता सगळं बोललो — पंप, उपसा, बेंझीन, दोर.

तिनं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला, जणू वाईट बातमी मलाच सांगायची होती. "बाबा, मला पहिल्याच पेल्याला वास आला होता. अगदी पुसट. रोज यायचा."

"मग प्यायलीस कशाला गं?"

"तुम्ही खांद्यावरून आणलं होतं ना. किती खुश होता तुम्ही."

बाळाची भीती आहेच. ती आता डॉक्टरांच्या हवाली. पण मला खरी भीती कशाची वाटते ते लिहून ठेवतो. माझ्या लेकीला मला नको म्हणता येत नाही. या घरात तिनं आणखी काय काय गपचूप पिऊन टाकलंय, मला ठाऊक नाही. आणि विचारायची भीती वाटते, कारण मी विचारलं तर ती म्हणेल, काही नाही, बाबा.